नाना थांबलेत

कारभारी नानांना फोन लावला, की ते 'हॅलो' म्हणायचे नाहीत. 'थांबलोय' म्हणायचे. तेही मी काही विचारायच्या आधी. आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातले बाकीचे ड्रायव्हर फोनवर सर्रास थापा मारायचे. इगतपुरीच्या ढाब्यावर खाटेवर आडवा झालेला माणूस 'मॅडम, नाशकात शिरलोच बघा' असं बिनदिक्कत ठोकून द्यायचा. नाना मात्र खरं सांगायचे, आणि ते खरं इतकं अचाट असायचं, की शेठला सांगताना त्याच्या जागी मलाच एखादी साधीशी थाप शोधावी लागायची.

"ताई, थांबलोय. घोटीच्या पुढं एका बाबाच्या टेम्पोचं दार निखळलंय. धरून उभा हाय."

"धरून उभे म्हणजे?"

"म्हंजी त्यो वेल्डिंगवाला आणाया गेलाय. दार पडू नये म्हून मी धरलंय."

"अहो नाना, मग ते खाली जमिनीवर ठेवा ना!"

पलीकडे धप्पकन काहीतरी जमिनीवर टेकलं. मग हळूच, "हां. आसंबी करता येतंय."

मी सुजाता. नाशिकला ट्रक टर्मिनलजवळच्या त्या ऑफिसात बुकिंगच्या टेबलावर बसते. कोणती गाडी कुठं भरली, कुठं पोचली, का नाही पोचली, हे बघायचं आणि ती न पोचल्याबद्दल व्यापाऱ्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. माझा स्वभाव तापट आहे असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एक आठवडा माझ्या खुर्चीत बसून दाखवावं, मग बोलावं.

नाना विंचूरजवळच्या एका खेड्यातले. चांगले उंचेपुरे. पांढरा पायजमा, दोन खिशांचा शर्ट, गळ्यात पंचा आणि चष्मा पडू नये म्हणून त्याला मागून बांधलेली बुटाची नाडी. त्यांच्या गाडीच्या कपाळावर, काचेच्या वर, दोन मोर काढलेले होते. पेंटरचा निळा रंग मध्येच संपल्यामुळे त्यातला एक मोर थेट कोंबडी दिसायचा. नानांनी तो कधी दुरुस्त करून घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या, मोराच्या संगतीत खूश हाय ती," म्हणायचे. या कोंबडीमुळे कसाऱ्यापासून विंचुरापर्यंत नानांची गाडी लांबूनच ओळखू यायची, आणि ती ओळखू आली की अडलेला माणूस निर्धास्त व्हायचा. कारण रस्त्याच्या कडेला कोणी उभं दिसलं आणि नाना पुढं गेले, असं कधी झालंच नाही.

"गाडीला ब्रेक दिलाय त्यो वापराया दिलाय ताई, निस्ता पाय ठेवाया नाय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी म्हणायची, "नाना, गाडीला ॲक्सिलेटरपण दिलाय." त्यावर ते हसायचे. ते हसणं मोठं वाईट होतं. समोरच्याचा राग त्याच्या हातातून काढून घेऊन ते तो कुठंतरी ठेवून द्यायचे, आणि मग आपल्यालाच तो सापडायचा नाही.

आता त्यांच्या मदतीची तऱ्हा ऐका. गाडी बंद पडली, की आमच्याकडे मागं चार दगड मांडतात आणि झाडाची एक हिरवी फांदी तोडून ट्रकच्या मागच्या फाळक्यात नाहीतर कारच्या डिकीत खोचतात. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण सीटखाली नवाकोरा पडलेला असतो, त्याला कोणी हात लावत नाही. फांदी दिसली म्हणजे गाडी बंद, एवढं रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तर एकदा वाडीवऱ्ह्याजवळ एक कुटुंब कार बाजूला घेऊन झाडाखाली जेवायला बसलं होतं. पोरांनी खेळता खेळता एक फांदी डिकीत अडकवलेली. कार उतारावर लावल्यामुळं एका बाजूला कललेली. नानांना आणखी काय पाहिजे? त्यांनी ट्रक थांबवला, जॅक काढला, "तुम्ही बसा निवांत, घास टाकून उठू नका," असं त्या मंडळींना बजावलं आणि चाक खोलायला घेतलं. त्या गृहस्थाला वाटलं, टोलच्या पैशात हल्ली असलं काहीतरी देत असतील. त्यानं भाजी वाढून घेतली.

त्यांचं जेवण उरकलं तेव्हा चाक गाडीतून निघालेलं होतं आणि नाना त्याला कान लावून बसले होते.

"पंक्चर गावंना साहेब. कुठशी वाटतंय तुम्हाला?"

"पंक्चर? पंक्चर कुठं आहे?"

"मंग थांबलात कशाला?"

"जेवायला!"

"आसं व्हय," नाना म्हणाले. "मंग आधी नाय का सांगायचं."

चाक परत बसवून दिल्यावर त्या बाईंनी नानांना पान वाढलं. हे सगळं नानांनी मला फोनवर स्वतः सांगितलं, शेवटी वर म्हणाले, "ताई, पानात शिरा व्हता. नाय म्हणता येतं का?" तोवर इकडे मुंबईचा व्यापारी टोमॅटोची वाट बघून बघून टोमॅटोपेक्षा लाल झालेला. त्यानं मला जे जे ऐकवलं ते घरी आईला सांगितलं असतं तर तिनं मला दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ दिलं नसतं.

आणखी एकदा पेठकडून येताना त्यांनी एका शेतकऱ्याला त्याच्या शेळ्यांसकट उचलून आणलं. त्याची पिकअप बंद पडली होती. तो रिक्षा बघायला गेला आणि तोवर शेळ्या कुठं ठेवायच्या, तर आमच्या ऑफिसात. मी डबा धुवायला मागं गेले होते. परत येऊन बघते तो दारावरचं तोरण गायब, एक शेळी शेठच्या खुर्चीवर उभी आणि दुसरी भिंतीवरचं कॅलेंडर खातेय. जुलैपासून पुढचं सगळं तिनं खाल्लं. त्या वर्षी दिवाळी कधी आहे हे आम्हाला शेजारच्या टायरवाल्याकडे जाऊन बघावं लागायचं. बापूशेठ ऑफिसात शिरले, शेळीकडे बघितलं, शेळीनं त्यांच्याकडे बघितलं. नाना दारात हसत उभे. शेठ वळले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

बापूशेठ वाईट माणूस नव्हता. स्वतः कधीकाळी ट्रक चालवलेला, आता पोट आणि कर्ज दोन्ही सांभाळणारा. मालाला उशीर झाला की धंदा जातो, हे त्यांचं म्हणणं चूक कसं म्हणायचं? शेवटी एका दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन, हार घालून, पूजेला उभ्या असताना त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "कारभारी, आता बास. इथून पुढं एक जरी मोठा उशीर झाला, तर चावी टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. मग मला हसून दाखवू नको." आणि खरोखरच ते हे सगळं नानांकडे पाठ करून बोलले.

नाना हसले नाहीत. त्यांनी ओल्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडीची आन. नाय थांबणार."

मला फार वाईट वाटलं. नाना साठीला आले होते. ही गाडी गेली तर त्या वयात, नाडीच्या चष्म्यावर, दुसरा कोण त्यांच्या हाती स्टेअरिंग देणार होता? आणि घरी बसून हा माणूस करणार काय? त्यांच्या बायकोला, गयामावशींना, मी एकदा तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "दोन दिस घरी ऱ्हायलं तर दारात जाऊन बसत्यात. कुनाची सायकल पंक्चर व्हती का बघत." मावशी मोठ्या धोरणी. नाना घरी कधी येणार हे मी त्यांना कळवलं, की त्या म्हणायच्या, "त्यो टाइम तुमचा. मी माझा टाइम धरते." आणि बरोब्बर त्यांच्या वेळेला भाकरी तव्यावर पडायची आणि नाना दारात यायचे.

तर शपथ घेतल्यावर पहिल्याच खेपेला मी फोन केला.

"थांबलोय ताई."

"नाना! अहो, गाडीची आन घेतलीत ना?"

"व्हय ना. तेच सांगाया थांबलोय."

"कोणाला?"

"हितं एक मोटारसायकलवाला हाय, चेन तुटलीय. त्याला म्हटलं, बाबा, तू वाईट वाटून घेऊ नको, मला शेठनं थांबाया बंदी केलीय. त्यो म्हणतोय, का केली? मंग पहिल्यापून सांगावं लागतंय."

असं ते रोज चाललं. अडलेला माणूस दिसला, की नाना गाडी बाजूला घेणार, खाली उतरणार, आपल्याला का थांबता येत नाही ते शेळ्यांपासून समजावून सांगणार. तो माणूस हळहळणार. चहा मागवणार. एकानं तर शेठला समजावायला मी येतो म्हणून सोबत यायची तयारी दाखवली. पूर्वी पाना मारायला जेवढा वेळ जायचा त्याच्या दुप्पट आता न थांबण्यात जायला लागला. मी डोक्याला हात लावला आणि म्हटलं, "नाना, त्यापेक्षा चेनच बसवून देत चला." त्यांना ते एकदम पटलं. पण आता शेठ उशीर मोजत होते, म्हणून मी थोडं इकडचं तिकडं करून सांभाळून घ्यायची आणि नानाही जरा बेतानं थांबायचे. असे दिवस पावसाळ्यापर्यंत निघाले.

आणि मग बाटल्यांची खेप आली. विंचूरला वाइनचे कारखाने आहेत, त्यातल्या एकाला रिकाम्या बाटल्या हव्या होत्या. नवीन गिऱ्हाईक, महिनाभराचं काम, आणि पहिलाच माल. नाना पहाटे भिवंडीहून निघाले. दुपारच्या आत बाटल्या कारखान्यात पाहिजेत, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला, असं मॅनेजरनं स्वच्छ सांगितलेलं. शेठ सकाळपासून माझ्या टेबलासमोर बसले होते. दर थोड्या वेळानं म्हणायचे, "लाव." मी लावायची. फोन बंद.

'थांबलोय' सुद्धा नाही! इतक्या वर्षांत पहिल्यांदा नानांचा फोन बंद लागला.

मग मी मुंबईकडून येणाऱ्या आमच्या ड्रायव्हरांना फोन लावायला सुरुवात केली. पहिलाच म्हणाला, "नाना? दिसले ना मॅडम! इगतपुरी सोडल्यावर. गाडीला फांदी, खाली दगड मांडलेले, आपले बसलेत कडेला. कुणालातरी मदत चाललीय." दुसरा म्हणाला, "हो हो, मला हात केला नानांनी. मीपण हॉर्न दिला." तिसरा तर मोठ्या कौतुकानं म्हणाला, "काय माणूस आहे मॅडम! भर पावसात बसलेत. दोन्ही हात वर करून करून नमस्कार करत होते. लई खूश दिसले."

फोन स्पीकरवर होता. शेठ उठले.

"चल," मला म्हणाले.

"मी कशाला?"

"त्याच्याकडून चावी घ्यायचीय. मला बघून तो हसेल आणि माझं काही खरं नाही. जाताना माझा राग उतरायला लागला, की आठवण करून द्यायची. तेवढं तुझं काम."

असलं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. शेठ गाडी चालवताहेत, बाहेर धुकं आणि पाऊस, आणि मी शेजारी बसून त्यांचा राग गरम ठेवतेय. घोटीच्या अलीकडे ते म्हणाले, "म्हातारा पावसात भिजला असेल." मी म्हटलं, "कॅलेंडर." ते म्हणाले, "हं." पुढं म्हणाले, "काही झालं तरी दारू नाही, चोरी नाही..." मी म्हटलं, "शिरा." त्यांनी गियर बदलला. मनातून मला असं वाटत होतं की रस्ता संपूच नये. ती चावी नानांच्या हातातून निघताना मला बघायची नव्हती.

धुक्यातून आधी कोंबडी दिसली. मग गाडी, तिच्या फाळक्यातली फांदी, आणि कडेच्या दगडावर बसलेले नाना. डोक्यावर बाटल्यांच्या पेटीचा पुठ्ठा. आम्हाला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले. शेठही चुकून हात करणार होते.

दुसरी गाडीच नव्हती तिथं. अडलेला कोणी माणूसच नव्हता.

"कारभारी, कुणाला मदत करतोयस?"

"कुनाला नाय शेठ," नाना म्हणाले. "मीच हाय."

झालं होतं ते असं. रात्री कोणाची तरी गाडी बंद पडली असणार. तो ती दुरुस्त करून निघून गेला आणि त्याचे दगड, फांदी तशीच रस्त्यात राहिली. धुक्यात कोणी त्यावर आदळू नये म्हणून नाना उतरले. येणाऱ्यांना गाडी दिसावी म्हणून फांदी आपल्या फाळक्यात खोचली, दगड आपल्या चाकामागं ओढून घेतले, आणि शेवटचा दगड उचलताना कडेच्या चरात घसरले. उजवा पाय मोडला. फोन चरातल्या पाण्यात गेला. कसेबसे सरपटत वर येऊन ते दगडावर बसले आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करायला लागले. आणि प्रत्येकानं त्यांना हात केला. हॉर्न दिला. 'नाना, नमस्कार!' म्हणून काचेतून ओरडला. सगळे ओळखीचे. नाना थांबलेत म्हणजे कोणाचं तरी भलं चाललंय, आपण मध्ये कशाला पडा!

"ताई, आज कळलं लोकं किती मानत्यात आपल्याला," नाना मला म्हणाले. "येक जण थांबंना." आणि हसले. हसता हसता त्यांची हनुवटी थरथरायला लागली. मी तिथं रस्त्यावर सरळ भोकाड पसरलं. मला लाज वाटली नाही.

शेठ पुढं झाले. फाळक्यातली फांदी ओढली, गुडघ्यावर मोडून तिचे दोन तुकडे केले, नानांच्या पायाला दोन्ही बाजूंनी लावले आणि त्यांच्याच पंचानं करकचून बांधले. मग हात पुढं केला.

"चावी."

नानांचा चेहरा पडला. त्यांनी शर्टच्या आतल्या खिशातून चावी काढली, पायजम्याला पुसली आणि दोन्ही हातांनी शेठच्या हातात ठेवली. "बराबर हाय शेठ," म्हणाले. "आन मोडली मी. दगडासाठी उतरलो."

"गप बस," शेठ म्हणाले. "आधी तुला चढवू दे."

आपली कार कडेलाच कुलूप लावून ठेवून शेठ ट्रकमध्ये चढले. त्या धिप्पाड माणसाला केबिनमध्ये कसं चढवलं ते मी सांगणार नाही, एवढंच सांगते की त्यात माझी चप्पल त्या चरातच राहिली. शेठनी किती वर्षांनी ट्रकच्या स्टेअरिंगला हात लावला होता देव जाणे. गाडी आधी मागं गेली, मग पुढं. नाना पाय धरून कण्हत होते आणि मध्ये मध्ये सांगत होते, "शेठ, तिसरा जरा रुसतोय. लाडानं टाका."

घोटीच्या पुढं एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता. लाल कोट, सोनेरी बटणं, डोक्यावर तुरा, दोन्ही हात पसरलेले आणि तोंडभर हसू. बाजूला बंद टेम्पो आणि त्याभोवती ढोल, ताशे, पिपाण्या घेतलेले त्याच्यासारखेच लाल कोटवाले. बँडवाले होते. समोरून भरधाव ट्रक येतोय आणि तो माणूस जागचा हलत नव्हता, कारण त्याला वर कोंबडी दिसली होती.

मी नानांकडे बघितलं. नाना ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत होते. "मी काय बोललो नाय शेठ," ते म्हणाले. "माझी आन हाय."

शेठनी कचकन ब्रेक मारला.

"नाना कुठंयत?" बँडवाला आत डोकावून म्हणाला. "अरे, पाय मोडला काय? अरेरे! मग आम्हाला नाशकात सोडता ना? एका गुरुजींची रिटायरमेंटची मिरवणूक आहे."

अख्खा बँड मागं बाटल्यांवर चढला. नाशकात शिरताना त्यांना नानांचं दुःख अनावर झालं असावं, कारण मागून एकदम ढोल सुरू झाला. शेठ खिडकीतून ओरडत होते, "वाजवू नका रे! पेशंट आहे!" आणि आमची वरात हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभी राहिली. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला, त्यानं बँड बघितला, आणि "नवरदेव कोणे?" असं विचारलं. नाना इतके हसले की त्यांना पायाची कळ सोसेना.

बाटल्या संध्याकाळी पोचल्या. ते काम गेलं. शेठ त्याबद्दल पुन्हा कधीही बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या ड्रायव्हरांना उभं करून सांगितलं, "रस्त्यात कोणी हात केला, की थांबायचं. खाली उतरायचं. आणि विचारायचं, हा हात नमस्काराचा आहे की बोलवायचा." पोरं हसली. शेठ हसले नाहीत, मग पोरांचं हसूही जागीच विरलं. तेव्हापासून त्या रस्त्यावर आमच्या गाड्यांची फार पंचाईत झाली. कोणी माशी हाकलली तरी आमचा ट्रक थांबतो.

उजवा पाय ब्रेकचा. तो वाकडाच जुळला आणि नानांची गाडी सुटली ती सुटलीच. ते रोज विंचूरहून एसटीनं ऑफिसात यायचे, माझ्या टेबलाशेजारी बसायचे आणि गाडी निघाली की नव्या ड्रायव्हरला विचारायचे, "कुठं कुठं थांबलास?" तो बिचारा कुरकुरायचा, "नाना, मी नाही थांबत, लोकं आडवी पडतात तुमच्या कोंबडीला बघून." शेठनी एकदा ती कोंबडी रंगवून टाकायला पेंटर बोलावला. पेंटर आला, शेठ बराच वेळ वर बघत राहिले, आणि मग त्याला ऑफिसच्या दाराला रंग द्यायला सांगितलं.

परवाच्या उन्हाळ्यात नाना गेले. थोडं छातीचं दुखणं झालं, नाशकातच दवाखान्यात होते. आदल्या दिवशी मी भेटायला गेले तर शेजारच्या कॉटवरच्या माणसाची सलाइनची बाटली धरून बसलेले. "स्टँड आहे ना तिथं, नाना!" मी म्हटलं. "हां," ते म्हणाले, "पर त्यो हलतोय."

शववाहिका बोलवायची म्हटल्यावर शेठ म्हणाले, "कशाला? त्याची गाडी आहे." नानांना त्यांच्याच ट्रकमध्ये ठेवलं, शेठ स्वतः स्टेअरिंगला बसले आणि मी शेजारी. गावी दुपारी पोचवतो असा मावशींना निरोप गेला होता.

पण बातमी रस्त्यावर आमच्याआधी पोचली होती. आडगाव सोडलं आणि एका ढाब्यासमोर उभ्या असलेल्या ड्रायव्हरनं गाडी बघून हात वर केला. शेठनी ब्रेक मारला. खाली उतरले, त्याच्याजवळ गेले.

"काय पाहिजे?"

"काही नाही शेठ. नानांना नमस्कार केला."

शेठ परत येऊन बसले. थोडं पुढं टायरच्या दुकानातल्यानं हात केला. शेठ थांबले, उतरले, विचारलं. नमस्कार होता. मग पेट्रोल पंपावर, उसाच्या गुऱ्हाळापाशी, निफाडच्या फाट्यावर. प्रत्येक ठिकाणी हात वर व्हायचा, प्रत्येक ठिकाणी शेठ ब्रेक मारून उतरायचे. मी शेवटी म्हटलं, "शेठ, सगळे नमस्काराचेच आहेत हो. तिकडे लोक खोळंबले असतील."

"असू दे," शेठ म्हणाले. "त्या दिवशी पण सगळ्यांना तसंच वाटलं होतं."

दुपार टळली. ऊन कललं. आम्ही गावात शिरलो तेव्हा मला मावशींकडे बघायचा धीर होईना. एवढी पाहुणेमंडळी भर उन्हात ताटकळत बसली असणार. बघते तो स्मशानाच्या वाटेवर माणसं आत्ता कुठं येत होती. कोणी घरून निघत होतं, कोणी पायात चप्पल घालत होतं. कोणाच्याही तोंडावर वाट बघितल्याचा शीण नव्हता.

मी मावशींचे हात धरले. "मावशी, फार उशीर झाला हो. वाटेत सारखं थांबावं लागलं."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "उशीर कुठं झाला बाई," त्या म्हणाल्या. "तुमी दुपार सांगितली, मी लोकास्नी ऊन कलल्यावर बोलावलंय. यांचा टाइम मला ठाव नाय व्हय?"

नाना वेळेवर पोचले होते.